दोन शहरांमधले अंतर एकच, मग विमानाला लागणारा वेळ वेगवेगळा का?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांमधले हवाई अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजले तर ते सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाचे विमान मात्र अटलांटिक महासागरावरून जात असे तेव्हा त्याला सुमारे १३,९०० किलोमीटर कापावे लागत. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली आणि विमान पश्चिमेऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. त्यामुळे प्रवासाचे अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली, पण प्रवास जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांच्या आसपास आला.

रस्त्याच्या प्रवासाची सवय असलेल्या माणसाला हे पटणे कठीण आहे. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे गणित आपण शाळेत शिकलो आणि ते चुकीचेही नाही. विमानाच्या बाबतीत त्यातले ‘अंतर’ कोणते आणि ‘वेग’ कोणता, एवढेच नीट विचारले जात नाही. दोन शहरांची नावे टाकून इंटरनेटवर शोध घेतला की एका ठिकाणी एक आकडा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा आणि तिकिटावर तिसराच. त्यातच गेल्या काही वर्षांत अमुक देशाने आपली हवाई हद्द बंद केली आणि विमानांचा प्रवास लांबला, अशा बातम्या वारंवार येत आहेत. हे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात अंतरापासून करावी लागते.

नकाशावरची सरळ रेषा सर्वांत जवळची नसते

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोन शहरे पट्टीने जोडली की जी रेषा मिळते, ती बहुधा सर्वांत कमी अंतराची नसते. पृथ्वी गोल आहे आणि गोल पृष्ठभाग सपाट कागदावर ताणल्याशिवाय बसत नाही. जेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तयार केलेल्या आणि आजही सर्वत्र दिसणाऱ्या नकाशात हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. साठाव्या अक्षांशावर तोच अंश जवळपास निम्मा, म्हणजे ५६ किलोमीटरच्या आसपास उरतो. नकाशात मात्र दोन्ही ठिकाणी तो सारख्याच रुंदीचा काढलेला असतो.

म्हणून पृथ्वीगोल घ्यावा, दोन शहरांवर दोऱ्याची दोन टोके धरावीत आणि दोरा घट्ट ताणावा. तो ज्या वाटेने स्थिरावतो ती सर्वांत जवळची वाट. ही वाट पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि अशा वर्तुळाला महावृत्त म्हणतात. नॉर्वेचे ऑस्लो आणि अलास्कातील अँकरेज ही दोन्ही शहरे साठाव्या उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. त्या अक्षवृत्ताला धरून एकाहून दुसरीकडे जायचे म्हटले तर जवळपास ८,८०० किलोमीटर होतात. महावृत्ताने गेले तर वाट ध्रुवाच्या जवळून जाते आणि अंतर सुमारे ६,४५० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर हीच वाट उगाच वर चढून खाली आलेल्या मोठ्या कमानीसारखी दिसते. विमानातल्या पडद्यावर अशी कमान दिसली की अनेक प्रवाशांना वाटते की विमान वळसा घालत आहे. वस्तुतः वळसा नकाशाने घातलेला असतो.

इंटरनेटवरील अंतरमापक बहुतेक वेळा हे महावृत्ताचे अंतरच सांगतात. काही जण पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा परिपूर्ण गोल मानतात. काही जण ती ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, हे लक्षात घेतात. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे आणि त्यामुळे दोन पद्धतींच्या उत्तरांत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. एककांचाही गोंधळ असतो, कारण विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, जमिनीवरचा मैल म्हणजे सुमारे १,६०९ मीटर. नुसते ‘मैल’ असे लिहिलेला आकडा कोणत्या मैलाचा आहे हे पाहिले नाही, तर पंधरा टक्क्यांची चूक सहज होते.

मग अंतर नेमके कुठून कुठे, हा प्रश्न येतो. शहराच्या मध्यापासून मोजलेले आणि विमानतळापासून मोजलेले अंतर वेगळे असते. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साठ किलोमीटरच्या आसपास दूर आहे, हानेदा त्या मानाने खूप जवळ. हजारो किलोमीटरांच्या प्रवासात हा फरक क्षुल्लक आहे. दोन-तीनशे किलोमीटरांच्या प्रवासात मात्र तो डोळ्यात भरतो.

एक शंका हमखास विचारली जाते: विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, म्हणजे ते मोठ्या वर्तुळावरून जाते, तेव्हा अंतर वाढत नाही का? वाढते, पण पृथ्वीच्या त्रिज्येपुढे अकरा किलोमीटर किती, तर ०.१७ टक्के. साडेपाच हजार किलोमीटरांच्या प्रवासात त्यामुळे नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे एक मिनिटाहूनही कमी वेळ वाढतो. वेळेतल्या मोठ्या फरकांचे कारण दुसरीकडे आहे.

विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालते

मोठ्या प्रवासी विमानाचा नेहमीचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो, असे आपण वाचतो. हा वेग जमिनीच्या तुलनेत नसून भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा अतिशय थंड असते आणि तेथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो. आधुनिक विमाने त्याच्या साधारण ८५ टक्के वेगाने हवा कापत जातात. पण ती हवा स्वतःच वाहत असेल तर? वाहत्या नदीत वल्हवणारा नावाडी तेवढ्याच ताकदीने प्रवाहाबरोबर गेला तर काठावरची झाडे झपाट्याने मागे पडतात आणि प्रवाहाविरुद्ध निघाला तर तीच झाडे हलता हलत नाहीत. नावाड्याचे श्रम दोन्ही वेळा सारखेच असतात, काठाच्या तुलनेत त्याचा वेग मात्र बदलतो. शहरे काठावर आहेत आणि विमान प्रवाहात आहे. म्हणून वेळ ठरवताना जमिनीच्या तुलनेतला वेग धरावा लागतो, आणि तो म्हणजे विमानाचा हवेतला वेग अधिक पाठीमागून येणारा वारा, किंवा उणे समोरून येणारा वारा.

जमिनीवरच्या वाऱ्याचा अनुभव घेऊन या आकड्यांची कल्पना येत नाही. विमाने ज्या उंचीवर उडतात त्याच उंचीवर, पृथ्वीच्या मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील तफावतीमुळे वरच्या थरांत दाबाचा फरक निर्माण होतो. त्या फरकामुळे ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते, आणि हा प्रवाह तयार होतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि कधी कधी तो चारशेच्याही पुढे जातो. हिवाळ्यात उबदार आणि थंड प्रदेशांमधली तफावत वाढते, म्हणून प्रवाहही बळकट होतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला, जगाने वाचावा म्हणून. आणि जगाने तो फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांची पुरेपूर प्रचिती आली. प्रवासी वाहतुकीत त्यांचा हिशेबी उपयोग नोव्हेंबर १९५२ मध्ये झाला, जेव्हा पॅन ॲम कंपनीचे विमान टोकियोहून होनोलुलूला प्रवाहाच्या आधाराने गेले आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत आटोपला.

आता दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचे कोडे सुटते. अटलांटिकवरून जाणारे विमान पश्चिमेकडे, म्हणजे मार्गाच्या मोठ्या भागात वाऱ्याच्या विरुद्ध जाते. पॅसिफिकवरून जाणारे पूर्वेकडे, वाऱ्याबरोबर. चौदाशे अधिकचे किलोमीटर वारा फेडून देतो आणि वर दोन तास शिल्लक ठेवतो. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले ५,५४० किलोमीटरांचे अंतर जाताना आणि येताना एकच आहे, तरी न्यूयॉर्ककडे जाणारे विमान लंडनकडे येणाऱ्यापेक्षा साधारण तासभर जास्त घेते. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा नावाच्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हा आकडा ध्वनीच्या वेगापेक्षा मोठा दिसतो, पण विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडलेली नव्हती. भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने जात होते.

जाताना गमावलेले येताना भरून निघत नाही

यावर एक स्वाभाविक आक्षेप असा, की एका दिशेला तोटा आणि दुसऱ्या दिशेला तेवढाच फायदा, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब बरोबर. गणित तसे सांगत नाही. समजा, अंतर ५,४०० किलोमीटर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जायला सहा आणि यायला सहा, एकूण बारा तास. आता ताशी शंभर किलोमीटरचा वारा धरा. वाऱ्याबरोबर वेग १,००० होतो आणि प्रवास ५ तास २४ मिनिटांत संपतो. वाऱ्याविरुद्ध वेग ८०० उरतो आणि ६ तास ४५ मिनिटे लागतात. बेरीज १२ तास ९ मिनिटे. ही नऊ मिनिटे येतात कुठून? प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून तोटा जास्त काळ सोसावा लागतो. वारा जितका जोरदार, तितकी ही तूट वाढते. बाजूने येणारा वाराही फुकट जात नाही, कारण मार्गावर टिकून राहण्यासाठी विमानाला नाक थोडे वाऱ्याकडे वळवून उडावे लागते आणि वेगाचा काही भाग त्यात खर्च होतो. अर्थात हे सगळे दोन्ही वेळा एकाच वाटेने गेल्यास लागू पडते. प्रत्यक्षात जाताना प्रवाह टाळायचा आणि येताना त्यात शिरायचे, अशा दोन वेगळ्या वाटा निवडून ही तूट बरीच कमी केली जाते.

पृथ्वी स्वतः फिरते, त्याचे काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण तो चुकीचा असूनही विचार करून विचारलेला असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर तिचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे; मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाकडे त्याचे गंतव्य शहर आपणहून धावत यायला नको का?

नको, कारण विमान उडण्यापूर्वी धावपट्टीवर उभे असते तेव्हाच ते पृथ्वीबरोबर त्या वेगाने फिरत असते, आणि जमीन सुटली म्हणून तो वेग त्याच्या अंगातून निघून जात नाही. शिवाय ज्या हवेवर त्याचे पंख टेकलेले असतात ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसे नसते, तर विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाला ताशी १,६७० किलोमीटरचा वारा कायम लागला असता. परिवलनाचा परिणाम विमानाच्या वेळेवर होतो तो आडवाटेने, जेट प्रवाहांना पूर्वेकडे वळवण्याद्वारे; आणि तो या आक्षेपाच्या नेमका उलट आहे, म्हणजे पश्चिमेकडचा प्रवासच लांबतो.

आकाश मोकळे दिसते, मोकळे नसते

महावृत्त आणि वारा एवढ्यावर मार्ग ठरला असता तर सगळे सोपे होते. पण प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर सार्वभौमत्व असते आणि त्यातून जाण्यासाठी परवानगी लागते. त्या परवानगीचे शुल्कही भरावे लागते. परवानगी मिळाली नाही तर बाजूने जावे लागते. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा फिनएअरचा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे तिथेच आहेत, त्यांच्यामधले अंतर ७,८०० किलोमीटरच आहे, पण मधला प्रदेश जवळपास पूर्णपणे रशियाचा असल्याने विमानांना एक तर उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागला. शीतयुद्धाच्या काळात युरोप आणि जपान यांच्यामधली विमाने अलास्कात अँकरेजला इंधन भरून जात, तेही मुख्यतः याच कारणाने. भारत आणि पाकिस्तान यांनी २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये एकमेकांच्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना अरबी समुद्रावरून जावे लागले आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावे लागले.

बंदी राजकीयच असते असे नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला त्वरेने तीन हजार मीटरच्या आसपास उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन मर्यादित काळच पुरतो. खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल तर उतरायचे कुठे? म्हणून त्या पठाराच्या मध्यावरून फारच थोडे मार्ग जातात.

दोन इंजिनांच्या विमानांसाठी आणखी एक नियम असतो: एक इंजिन बंद पडले तर ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोहोचता आले पाहिजे. फार पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटे होती. इंजिने विश्वासार्ह होत गेली तशी १९८५ मध्ये ती काही विमानांसाठी १२० मिनिटांवर आणि पुढच्या काही वर्षांत १८० वर गेली. आज एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळालेली आहे. उत्तर गोलार्धात बेटे आणि विमानतळ पुष्कळ असल्याने याचा जाच कमी जाणवतो. सिडनी ते सँटियागो या महावृत्तावर मात्र वाट बासष्टाव्या दक्षिण अक्षांशापर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने खाली उतरते आणि मध्ये उतरायला जवळपास काहीच नाही. तेथे किती वळसा घ्यायचा हे विमानाला मिळालेल्या मान्यतेवर अवलंबून असते.

गर्दीच्या समुद्रांवरही विमान मन मानेल तसे जात नाही. उत्तर अटलांटिकवर वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्गांचा संच दिवसातून दोनदा जाहीर होतो, एक पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि एक पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. कालचा मार्ग आज त्याच जागी असेलच असे नाही. म्हणून एकाच क्रमांकाचे विमान एका दिवशी आइसलँडच्या जवळून आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी दक्षिणेकडून गेलेले दिसते.

जवळच्या शहरांचे गणित सर्वांत फसवे

ताशी ९०० किलोमीटर हा वेग वर चढून झाल्यावरचा. चढताना आणि उतरताना विमान हळू असते. अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या वर जाण्यास मनाई आहे. ३५,००० फुटांवरून खाली यायला विमान साधारण २०० किलोमीटर आधीच उतरणीला लागते. म्हणजे चारशे किलोमीटरांच्या प्रवासात पूर्ण वेगाने कापायचे अंतर फारच थोडे उरते. विमान चढते न चढते तोच उतरू लागते.

त्यात जमिनीवरचा वेळ मिळवा. उड्डाण बहुधा वाऱ्याच्या समोरून करायचे असते, म्हणून जायचे एका दिशेला आणि धावपट्टी दुसऱ्या दिशेची, असे सहज होते. त्यामुळे आकाशात गेल्यावर आधी वळावे लागते. उतरताना रांग असेल तर विमान ठरलेल्या जागी लांबट वर्तुळांत घिरट्या घालत थांबते. लंडनच्या हीथ्रोभोवती अशा चार जागा आहेत आणि गर्दीच्या वेळी तिथे दहा-पंधरा मिनिटे घालवणे नवलाचे नाही. ही सगळी मिनिटे अंतर चारशे असो वा चार हजार, जवळपास तेवढीच लागतात. म्हणून छोट्या प्रवासाचा सरासरी वेग काढला तर तो ताशी तीनशे-चारशे किलोमीटर इतका खाली येतो आणि लांबच्या प्रवासाचा आठशेच्या जवळ जातो. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये २.७ किलोमीटरांचे नियमित उड्डाण आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली असतात आणि अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांतही झालेले आहे. पण ते लहानसे, कमी उंचीवरून उडणारे विमान आहे आणि तेथे रांग नसते.

तिकिटावर छापलेला वेळ कशाचा?

तिकिटावरचा कालावधी हवेतल्या वेळेचा नसतो. विमान निघण्याच्या जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते पोहोचण्याच्या जागी चाकांना अडसर लागेपर्यंतचा तो वेळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतचे हळूहळू चालणे, तिथली रांग आणि उतरल्यावरची रांग या सगळ्यांचा त्यात समावेश असतो. म्हणून ध्वनिक्षेपकावर वैमानिक ‘सहा तास चाळीस मिनिटे’ सांगतो आणि तिकीट ‘साडेसात तास’ म्हणते, तेव्हा दोघेही खरेच सांगत असतात.

शिवाय हा वेळ म्हणजे त्या मार्गावरच्या मागच्या अनुभवांवरून आणि त्या ऋतूतल्या वाऱ्यांवरून केलेला अंदाज असतो. विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि एकाच मार्गाचा कालावधी दोन्ही वेळापत्रकांत वेगळा असू शकतो. अंदाजात कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात. पंधरा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर विमान वेळेवर आले असे मानण्याची पद्धत उद्योगात रूढ आहे, आणि वेळेवर येण्याचे प्रमाण चांगले दिसावे हा मोह कोणाला नसतो? उशिरा निघालेले विमान वेळेच्या आधी पोहोचते तेव्हा वैमानिकाच्या कौशल्याचे कौतुक जरूर करावे, पण बहुतेक वेळा ती मिनिटे वेळापत्रकात आधीच पेरून ठेवलेली असतात.

यापेक्षा मोठी फसगत घड्याळाची होते. तिकिटावरची निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते, त्यामुळे एकातून दुसरी वजा करून मिळणारे उत्तर निरर्थक असते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे सामोआ आणि अमेरिकन सामोआ. दोन्ही बेटांमध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचे अंतर आहे, पण २०११ च्या डिसेंबरअखेर सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला जायचे ठरवले आणि ३० डिसेंबर हा दिवस दिनदर्शिकेतूनच वगळला. तेव्हापासून सामोआतल्या आपिआहून शनिवारी दुपारी निघालेला प्रवासी अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला शुक्रवारी दुपारी उतरतो. खरा कालावधी हवा असेल तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलाव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

वेग वाढवून वेळ का वाचवत नाहीत?

ध्वनीपेक्षा जलद उडणाऱ्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाने ते करून दाखवले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर तीन तासांच्या आत, २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत पार केले. पण ध्वनीच्या वेगाजवळ जाताना हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च त्याहून भराभर वाढतो. २००३ मध्ये कॉन्कॉर्डची सेवा थांबली ती अनेक कारणांनी, आणि खर्च हे त्यांतले एक मोठे कारण होते. आजच्या विमानांनाही थोडे जलद किंवा थोडे सावकाश उडण्याची मुभा असते. किती, हे ठरवण्यासाठी कंपनी वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचे गुणोत्तर विमानाच्या संगणकात भरते. इंधन महाग झाले की विमान किंचित सावकाश उडते. पुढचे उड्डाण चुकणारे प्रवासी जास्त असले की किंचित जलद. पण या ‘किंचित’चा अर्थ लांबच्या प्रवासात काही मिनिटे एवढाच आहे. अनुकूल वारा जे तासभर वाचवून देतो, ते इंजिनाला जोर लावून मिळत नाही.

स्वतः अंदाज करायचा असेल तर

महावृत्ताचे अंतर किलोमीटरमध्ये घ्यावे, त्याला ८५० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. हा हवेतला वेळ झाला. तिकिटाशी तुलना करायची असेल तर आणखी वीस ते तीस मिनिटे जमिनीवरची धरावीत. लंडन–न्यूयॉर्कचे ५,५४० किलोमीटर या रीतीने हवेत सात तास देतात, आणि दोन्ही दिशांचा खरा वेळ त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या तासाच्या आसपास असतो. मध्यम अक्षांशांत पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर पूर्वेकडे जाताना थोडे कमी आणि पश्चिमेकडे जाताना थोडे जास्त धरावे, हिवाळ्यात हा फरक वाढवावा. उत्तर-दक्षिण प्रवासात किंवा विषुववृत्ताजवळ अशी दुरुस्ती बहुधा लागत नाही, कारण तेथे जेट प्रवाह एक तर आडवा लागतो किंवा लागतच नाही. हा हिशेब सपशेल चुकतो तो मधले आकाश बंद असेल तेव्हा, किंवा वाटेत विमान बदलायचे असेल तेव्हा. विमान बदलायचे असेल तर मधल्या शहरापर्यंतचे आणि तेथून पुढचे असे दोन स्वतंत्र हिशेब करावे लागतात, आणि त्यांच्यामधला थांबा कोणत्याही सूत्रात बसत नाही.